हावड्याचा कुपोला: शंभर किलो बिडामागे साडेपाच किलो कोक कसा वाचला

कुपोल्यावर, म्हणजे बीड (ओतीव लोखंड) वितळवायच्या कोकच्या उभ्या भट्टीवर चालणाऱ्या फाउंड्रीची तब्येत एका आकड्यावरून कळते. शंभर किलो धातू वितळवायला किती किलो कोक (भाजलेला दगडी कोळसा) लागला? हावड्याच्या भारत इंजिनिअरिंग वर्क्स या फाउंड्रीत हा आकडा १३.६ होता. १९९८ साली तिथे नव्या बांधणीचा कुपोला पेटला आणि आकडा ८ वर आला. शंभर किलोंमागे साडेपाच किलोंहून जास्त कोक वाचला आणि नव्या भट्टीला घातलेले पैसे दोन वर्षांच्या आत वसूल होतील असा हिशेब निघाला.

या नव्या बांधणीचं तंत्र, म्हणजे कुपोल्यात हवा सोडणाऱ्या भोकांच्या एका रांगेऐवजी खाली-वर दोन रांगा ठेवणं, तेव्हा अजिबात नवं नव्हतं. ब्रिटनमधल्या बिडाच्या संशोधन संस्थेने, म्हणजे बीसीआयआरएने, त्यावरचं काम १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रसिद्ध केलं होतं. आपल्याकडच्या काही फाउंड्रीवाल्यांनीही ऐकीव माहितीवर कुपोल्याला वरची भोकं पाडून पाहिली होती, पण त्यांच्या हाती फारसं काही लागलं नव्हतं. मग हावड्यात असं काय वेगळं घडलं? माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते याच प्रश्नात आहे, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये बसून इंधनाचं बिल बघणाऱ्या माणसालाही ते तितकंच लागू पडतं.

हुगळीच्या पश्चिम काठावरचं हावडा हे बिडाचं जुनं गाव. दाटीवाटीने उभ्या असलेल्या शेड, मॅनहोलची झाकणं, सांडपाण्याचे पाईप, यंत्रांचे भाग. इथली मॅनहोलची झाकणं पार अमेरिकेतल्या शहरांच्या रस्त्यांवर बसलेली आहेत. या धंद्यात नफा किलोवर ठरतो आणि तोही पातळ असतो. लोखंडाचा भाव मालकाच्या हातात नसतो, गिऱ्हाइकाने दिलेला दरही नसतो. जे थोडं हातात राहतं त्यात कोक येतो.

कुपोला म्हणजे आतून अग्निविटा लावलेलं पोलादी उभं नळकांडं. तळाशी कोकचा थर, त्याला बेड कोक म्हणतात. त्यावर धातू, कोक, चुनखडी, पुन्हा धातू, अशी चळत वरच्या दारापर्यंत. खालून ब्लोअरने हवा मारायची. हवा आत सोडणाऱ्या तोंडांना ट्विअर म्हणतात. धातू वितळून कोकच्या फटींतून खाली झिरपतो, तळाशी साचतो आणि टॅप उघडला की लेडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात येतो. गोष्ट साधी दिसते, आणि म्हणूनच शंभर वर्षं मिस्त्रीच्या अंदाजावर चालत आली.

१९९० च्या दशकात या अंदाजावर दोन बाजूंनी दबाव आला. एक धुराचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमानुसार तासाला तीन टनांपेक्षा कमी वितळवणाऱ्या कुपोल्याच्या धुरात दर घनमीटरला ४५० मिलिग्रॅमपर्यंत धूलिकण चालतात, तीन टन आणि त्यावरच्या कुपोल्याला फक्त १५०. आग्र्यात तर ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी परिसरातल्या कारखान्यांना कोळसा आणि कोक सोडायला सांगितलं, आणि त्यात तिथल्या फाउंड्र्याही आल्या. हे उद्या आपल्याही दारात येणार, हे देशभरच्या कुपोलेवाल्यांना त्या दिवशी कळलं. दुसरा दबाव कोकचाच. आपल्या कोकमध्ये राख फार, चांगला कोक महाग.

याच काळात, १९९४ पासून, दिल्लीची टेरी ही ऊर्जेवर संशोधन करणारी संस्था आणि स्वित्झर्लंड सरकारची विकास सहकार्य संस्था मिळून छोट्या उद्योगांतल्या इंधनाच्या वापरावर काम करत होत्या. फाउंड्री, काच, वीट अशी क्षेत्रं त्यांनी निवडली होती. फाउंड्रीत त्यांनी आधी मोजमाप केलं. कुपोल्यात किती हवा जाते, कोणत्या दाबाने जाते, कोकचं वजन किती, धातूचे तुकडे केवढे, वितळलेला रस किती गरम निघतो, वर जाणाऱ्या धुरात कोणते वायू आहेत.

त्यातून पुढे आलेल्या गोष्टी आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या कुपोल्याशेजारी उभं राहिलं तरी दिसतील. ब्लोअर चुकीच्या मापाचा. हवेचा दाब कमी. ब्लोअरपासून कुपोल्यापर्यंतचा पाईप इतका वळणावळणाचा की हवा आत जाईपर्यंत तिचा जोर संपलेला. कुपोल्याचा व्यास आणि रोजचं उत्पादन यांचा मेळ नाही. चळतीची उंची अपुरी, त्यामुळे धूर वरच्या धातूला पुरता न तापवताच निघून जातो. कोक आणि भंगार वजनाने नव्हे तर टोपल्यांच्या मोजणीने टाकलेलं.

टोपलीचं जरा जवळून बघा. एका टोपलीत कोकचे मोठे तुकडे असतील तर मध्ये पोकळी राहते, बारीक कोक असेल तर टोपली गच्च भरते. पावसाळ्यात कोक ओला असतो. भरणारा माणूस दुपारी थकलेला असतो. एकाच हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या एका पेटवणीत, एकाच आकाराच्या टोपल्यांतून जाणारा कोक चांगलाच कमी-जास्त होऊ शकतो. रस थंड पडू नये म्हणून मिस्त्री काय करतो? एक टोपली जास्त टाकतो. त्याच्या जागी कोणीही हेच करेल, कारण थंड रसाने साचे अर्धवट भरले तर बोलणी त्याला खावी लागतात, कोकचं बिल त्याला भरावं लागत नाही. वर्षानुवर्षं ही एक टोपली जास्त जात राहते आणि मग ती तिथली रीत होऊन बसते.

आता दोन रांगांचं कारण. ट्विअरसमोर हवा आणि कोक भेटतात, कार्बन पुरता जळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू वर चढताना तापलेल्या कोकच्या थरातून जातो. तिथे तो कोकमधला आणखी कार्बन उचलतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन बसतो. ही क्रिया उष्णता देत नाही, उलट खाते. एक किलो कार्बन पुरता जळला तर सुमारे ३३ मेगाज्यूल उष्णता मिळते, तोच मोनॉक्साइडवर अडकला तर जेमतेम ९. म्हणजे कुपोल्याच्या तोंडातून बाहेर पडणारा मोनॉक्साइड हा विकत घेतलेला आणि न वापरलेला कोक आहे. खालच्या ट्विअरच्या वर सुमारे एक मीटरवर दुसरी रांग ठेवली आणि एकूण हवा तेवढीच ठेवून तिचे साधारण निम्मे-निम्मे वाटे केले, तर वरची हवा हा मोनॉक्साइड तिथेच जाळते. कोक आणि धातू दोन्ही जास्त तापतात, आणि गरम भागाची उंची वाढल्यामुळे खाली झिरपणारा थेंबही जास्त वेळ उष्णतेत राहतो.

बीसीआयआरएच्या प्रयोगांत याचे आकडे असे आले होते: कोक तेवढाच ठेवला तर रसाचं तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअसने वाढतं, तापमान तेवढंच ठेवलं तर कोक २० ते ३२ टक्के कमी लागतो आणि वितळण्याचा वेग ११ ते २३ टक्के वाढतो.

नुसती भोकं पाडणाऱ्यांचं कुठे चुकलं ते आता उघड आहे. एकाच विंड बेल्टमधून, म्हणजे कुपोल्याभोवतीच्या एकाच हवेच्या पेटीतून, दोन्ही रांगांना हवा दिली तर कोणत्या रांगेला किती गेली हे कोणालाच ठाऊक नसतं. हवेचा वाटा चुकला की वरची रांग मोनॉक्साइड जाळण्याऐवजी कोक थंड करते किंवा धातू जाळते. दोन रांगांमधलं अंतर चुकलं तरी तेच. ब्लोअर मुळात कमी दाबाचा असेल तर वाटा करायला हवाच नसते. शिवाय कोक टोपलीने जातोच आहे, त्यामुळे फरक पडला की नाही हे कळायलाही मार्ग नाही. मिस्त्री म्हणतो काही फरक नाही, मालक भोकं बुजवतो, आणि गावात बोभाटा होतो की दोन रांगांचं काही खरं नाही.

हावड्याच्या भट्टीत या एकेका गोष्टीला उत्तर होतं. दोन रांगांना दोन वेगळे विंड बेल्ट, म्हणजे वाटा मोजता येतो आणि बदलता येतो. कुपोल्याच्या व्यासाला शोभेल एवढ्याच हवेचा आणि दाबाचा ब्लोअर. कमीत कमी वळणांची पाईपलाइन. चळतीची वाढवलेली उंची. माल वर नेऊन टाकणारी यांत्रिक व्यवस्था. आणि कोक, धातू, चुनखडी या तिन्हींचं वजन आणि आकार ठरवून दिलेले. कोकचा तुकडा कुपोल्याच्या आतल्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा, भंगाराचा तुकडा व्यासाच्या एक तृतीयांशापेक्षा लांब नाही, कारण लांब तुकडा आडवा अडकला की चळत लटकते आणि हीट बोंबलते. धुरासाठी व्हेंच्युरी स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुणारं यंत्र जोडलं, आणि धूलिकण १५० च्या मर्यादेपेक्षा बरेच खाली, ५० मिलिग्रॅमच्या आसपास आले.

आता मला या आकड्यांत जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. १३.६ वरून ८ म्हणजे ४१ टक्क्यांची घट. बीसीआयआरएच्या नीट चालवलेल्या कुपोल्यांत दुसऱ्या रांगेने जास्तीत जास्त ३२ टक्के दिले होते. हावड्यातही दुसऱ्या रांगेने तेवढंच दिलं असं धरलं, तर १३.६ मधले ४.३५ किलो तिच्या नावावर जातात. २० टक्के धरले तर २.७ किलो. प्रत्यक्षात वाचले ५.६ किलो. उरलेले सव्वा ते तीन किलोंच्या दरम्यान कशाने वाचले? योग्य ब्लोअरने, सरळ पाईपने, उंच चळतीने आणि वजनकाट्याने. हा माझा अंदाज आहे, प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे. पण त्याची दिशा चुकीची असेल असं मला वाटत नाही. म्हणजे बचतीचा पाव ते अर्धा हिस्सा अशा गोष्टींतून आला, ज्यांतल्या बऱ्याचशा नवीन भट्टी न बांधताही करता येतात.

कोकशिवायचा फायदा मालकाला कोकपेक्षाही आधी जाणवतो. रस गरम आला की पातळ भिंतीची कास्टिंग (ओतीव भाग) पुरती भरतात, मिसरन (साचा अर्धवट भरणं) आणि कोल्ड शट (रसाचे दोन प्रवाह नीट न जुळणं) कमी होतात. एक टन कास्टिंग भंगारात गेलं की त्याच्याबरोबर ते वितळवायला लागलेला कोक, साच्याची वाळू, बाइंडर आणि मजुरी, सगळंच जातं. भट्टीत सिलिकॉन आणि मँगनीज कमी जळतात, त्यामुळे सिलिकॉन भरून काढणारा फेरोसिलिकॉन हा मिश्रधातू कमी टाकावा लागतो. ही बचत इंधनाच्या खात्यात दिसत नाही, म्हणून मालकांनी ती वेगळी लिहून ठेवली पाहिजे. ती न धरता काढलेला परतफेडीचा हिशेब नेहमी खऱ्यापेक्षा वाईट दिसतो आणि चांगला बदल कागदावरच मरतो.

एक मर्यादाही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. दोन रांगांच्या कुपोल्यात बेड कोकची उंची वरच्या रांगेपासून मोजावी लागते. म्हणजे भट्टी पेटवतानाच जास्त कोक लागतो. व्यास ९० सेंटिमीटर आणि रांगांमध्ये एक मीटर धरला तर वाढीव कोकची जागा साधारण ०.६४ घनमीटर होते. कोकची घनता घनमीटरला ४५० किलोच्या आसपास धरली तर पावणेतीनशे ते तीनशे किलो जास्त. शंभर किलोंमागे ५.६ किलो वाचत असतील तर हा जादा कोक भरून निघायला सुमारे पाच टन धातू वितळवावा लागतो. हीट संपल्यावर तळ पाडून निघालेला कोक विझवून परत वापरला तर आकडा सुधारतो, तरी ढोबळमानाने पहिल्या तासाभराचं वितळणं या वाढीव कोकची भरपाई करण्यात जातं. तेव्हा आठवड्यातून एकदा, दीड-दोन तासांची हीट घेणाऱ्या फाउंड्रीने नवीन कुपोला बांधण्याआधी हा हिशेब स्वतः मांडावा. तिने दोन छोट्या हीट एकत्र करून एक मोठी केली तरी बेड कोकमध्ये बरंच वाचेल, आणि त्याला एक रुपयाही लागणार नाही.

ज्यांची हीट चार-सहा तास चालते त्यांचं गणित वेगळं. महिन्याला १०० टन वितळवणारी फाउंड्री धरू. शंभर किलोंमागे ५.६ किलो म्हणजे महिन्याला ५.६ टन कोक, वर्षाला ६७ टन. कोकचा भाव टनाला ३०,००० रुपये धरला तर वर्षाला वीस लाख. भाव वेगळा असेल तर आकडा त्या प्रमाणात बदलेल, टन तेच राहतील. एवढा कोक न जाळल्याने वर्षाला साधारण २०० टन कार्बन डायऑक्साइडही हवेत जायचा वाचतो.

या प्रकरणातली मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे भट्टी झाकून ठेवली गेली नाही. ती चालू फाउंड्रीत, रोजच्या ऑर्डर घेणाऱ्या शेडमध्ये उभी राहिली. छोटा उद्योजक तक्त्यावर आणि पॉवरपॉइंटवर विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्याचं सगळं भांडवल एकाच शेडमध्ये अडकलेलं असतं आणि एक बिघडलेली हीट त्याचा महिना बिघडवते. आपल्यासारख्याच मालकाच्या दारात जाऊन, त्याच्याच मिस्त्रीला विचारून, टॅपमधून येणाऱ्या रसाचा रंग डोळ्यांनी बघितल्यावर तो तयार होतो. पुढे राजकोटसारख्या ठिकाणीही असे कुपोले उभे राहिले, आणि दर ठिकाणी व्यास, ब्लोअर, उंची तिथल्या उत्पादनाप्रमाणे पुन्हा काढावी लागली. मिस्त्रीला शिकवण्यावर दर वेळी वेळ द्यावा लागला. ज्या हातांना तीस वर्षं टोपलीची सवय आहे त्यांना वजनकाट्यावर आणायचं असेल तर आधी हे पटवावं लागतं की रस थंड पडला तर दोष त्यांच्या माथी मारला जाणार नाही. हे काम मालकाचं आहे, सल्लागाराचं नाही.

कोल्हापुरात ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून बिडाचं काम चालत आलं आहे आणि आज इथल्या बऱ्याच फाउंड्र्या विजेच्या इंडक्शन भट्टीवर आहेत. त्यांना कोकचा प्रश्न नाही, पण सवयींचा तोच आहे. झाकण न लावलेल्या भट्टीत १५०० अंशांचा रस उघडा पडलेला असतो आणि त्याच्या पृष्ठभागातून दर चौरस मीटरला शेकडो किलोवॅट उष्णता छताकडे जाते. साचे तयार नाहीत म्हणून रस धरून ठेवला जातो, लॅबचा रिपोर्ट यायला उशीर होतो, लेडल नीट तापवलेली नसते म्हणून रस गरजेपेक्षा ५० अंश जास्त तापवला जातो. गंजलेलं, वाळू चिकटलेलं भंगार तसंच आत जातं आणि ती वाळू वितळवायलाही वीज लागते. कुपोल्याची जादा टोपली इथे जादा अंशांच्या रूपात जाते.

नवीन भट्टीचा, कर्जाचा, अनुदानाचा विचार पुढे करता येईल. या महिन्यात करायचं काम छोटं आहे. चार्जिंगच्या, म्हणजे माल आत टाकायच्या दाराशी वजनकाटा बसवा. दर चार्जचा, म्हणजे एका वेळी टाकलेल्या मालातला कोक, धातू आणि चुनखडी एका वहीत लिहायला एक माणूस नेमा. विंड बेल्टला पाण्याची साधी यू आकाराची नळी जोडा, हवेचा दाब त्यातल्या पाण्याच्या उंचीवर वाचता येतो. रसाचं तापमान टॅपला आणि शेवटचा साचा भरताना, असं दोनदा मोजा. हीटला एकूण किती कोक गेला आणि किती चांगली कास्टिंग निघाली, हे महिनाअखेरीस भागून बघा. वितळवलेल्या टनावर नव्हे, विकल्या गेलेल्या टनावर. मग एका चार्जमध्ये अर्धा किलो कोक कमी करून तापमान बघायचं, ते टिकलं तर आणखी अर्धा. मघाचा सव्वा किलोचा अंदाज जरी हाती आला तरी १०० टनांच्या फाउंड्रीत ३०,००० रुपयांच्या भावाने महिन्याला साडेसदतीस हजार रुपये होतात, आणि जुनाच कुपोला उभा असतो. त्यानंतर दुसऱ्या रांगेचा खर्च काढायला बसलात तर तुमच्या हातात तुमच्याच भट्टीचे आकडे असतील, आणि बँकेच्या साहेबालाही तेच दाखवता येतील.